रुवैसच्या धक्क्यावर शिवलेलं शीड

ओल्ड एअरपोर्ट, दोहा

मी मिरजेची. आमचा मंडपाचा धंदा. लग्नं, बारशी, पुढाऱ्यांच्या सभा, सगळ्यांच्या डोक्यावर आमचं कापड. नवरा बाहेरची कामं बघायचा आणि कनाती, छतं, झालरी शिवून घ्यायचं खातं माझ्याकडं असायचं. त्यामुळं कुठंही गेले तरी माझी नजर आधी वर जाते. छताला झोळ पडलाय का, शिवण उसवलीय का, दोर कुठं बांधलाय, हे बघितल्याशिवाय मला जेवण जात नाही. मुलीनं, मृणालनं, दोह्याला बोलावलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, वाळवंटात बघण्यासारखं काय असणार? नातवंडं बघू, चार खजूर खाऊ आणि येऊ.

पहिल्याच संध्याकाळी माझी खोड मोडली. मृणालनं समुद्रकाठच्या रस्त्यानं फिरवून आणलं. पाण्यापलीकडं अर्धवट उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती, प्रत्येकीच्या डोक्यावर क्रेन, आणि मावळतीच्या उजेडात ते सगळं पेटल्यासारखं दिसत होतं. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिले. मिरजेत एक पाण्याची टाकी बांधायला आमच्या डोळ्यांदेखत किती वर्षं गेली, आणि हे लोक समुद्रात माती टाकून त्यावर गाव उभं करत होते. ही दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट, हिवाळ्यातली. तेव्हा अख्खं दोहा म्हणजे एक मोठं बांधकामच होतं.

मृणालचं घर ओल्ड एअरपोर्ट भागात. दारासमोरून सकाळी शाळांच्या बसगाड्या जायच्या आणि त्या गेल्या की सगळं चिडीचूप. मृणाल हॉस्पिटलात, जावई ऑफिसात, नातवंडं शाळेत. मी नातीला म्हणायचे, "बाळ, थालीपीठ खातेस?" तर ती म्हणायची, "मेबी लेटर, आजी." कळायचं सगळं, पण उत्तर इंग्रजीत. दुपारी बोलायला भिंतीशिवाय कुणी नसायचं. चार दिवसांत माझी जीभ गंजायला लागली.

मला वाचवलं खालच्या मजल्यावरच्या अब्बासभाईंनी. मूळचे हर्णैचे, दापोली तालुक्यातले. दोह्यात येऊन केस पांढरे झालेले. त्यांची बायको पहिल्याच दिवशी सांदणं घेऊन वर आली आणि मी जिन्यातच एक खाऊन बघितलं. अब्बासभाईंचं बोटींच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गिऱ्हाइकं म्हणजे समुद्रापलीकडच्या इराणहून येणाऱ्या लाकडी लाँचेस. त्या मेंढ्या, कलिंगडं, पिस्ते घेऊन यायच्या आणि टायर, कापड, फ्रिज घेऊन परत जायच्या.

"जायच्या," असं ते म्हणाले, म्हणून मी विचारलं, "आता जात नाहीत?"

"कमी झाल्या, ताई. मोठ्या देशांनी इराणवर बंदी घातलीय. अणूची भानगड. त्येंच्या बँकेतून हितं पैसा येत नाय, हितून तिकडं जात नाय. मग आपून काय करतो, मालाला माल. त्यो पिस्ते देतो, मी पंप देतो. आमच्या आज्याच्या टायमाला असाच धंदा व्हता बोलतात."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली ती ऐकून मी चाटच पडले. दोह्यातला हा सगळा झगमगाट समुद्राखालच्या गॅसवर चाललाय, हे मला जावयानं सांगितलं होतं. पण तो साठा अर्धा कतारच्या हद्दीत आणि अर्धा इराणच्या हद्दीत आहे, हे त्यानं सांगितलं नव्हतं. साठा एकच. इकडच्यांनी जगभर विकून काचेचे मनोरे उभे केले. तिकडच्यांना बोटीचा पंप मिळायची मारामार. कोण बरोबर, कोण चूक, ते मला कळत नाही, आणि दोन्हीकडच्या सरकारांनी मला विचारलेलंही नाही. पण एका विहिरीवरच्या दोन घरांत एवढा फरक मी तरी बघितला नव्हता.

उत्तरेचा रस्ता

एके सकाळी अब्बासभाई जिन्यात भेटले ते चेहरा पाडूनच. उत्तरेच्या टोकाला अल रुवैस नावाचं लहानसं बंदर आहे, तिथं त्यांच्या जुन्या दोस्ताची लाँच अडकली होती. नाखुदा यूसुफ त्याचं नाव. नाखुदा म्हणजे आपला नाखवा, बोटीचा मालक आणि कप्तान. येताना गिअरबॉक्स मोडला होता आणि मच्छीमारांनी ओढत आणून धक्क्याला लावली होती.

"मी येऊ का?" मी विचारलं. त्यांनी नाही म्हणायच्या आत मी डबा भरला. त्या दिवशी संकष्टी होती. डब्यात साबुदाण्याची खिचडी, दोन रताळी आणि दाण्याचा लाडू.

रस्ता सरळ. दोन्ही बाजूंना सपाट, करडी जमीन. मध्येच लोकांनी हौसेनं लावलेले तंबू दिसायला लागले आणि मी गाडी थांबवायला लावली. इथल्या लोकांना घरात थंडगार यंत्रं आहेत, गालिचे आहेत, तरी हिवाळा आला की ती माणसं वाळवंटात तंबू ठोकून राहतात. नुसती हौस. आत कापडाला लाल-काळं अस्तर, दोर असे ताठ की बोटानं वाजवावेत. झोळ नाही, कुठं म्हणून नाही. एका तंबूच्या म्हाताऱ्या मालकानं मला शिवण चाचपताना बघितलं आणि काही न विचारता छोट्या पेल्यात कडू कॉफी दिली. मी पिऊन पेला पुढं केला, त्यानं परत भरला. असं चार वेळा झालं. शेवटी अब्बासभाई म्हणाले, "ताई, बास झाली तर पेला जरा हलवायचा. नायतर त्यो संध्याकाळपर्यंत ओतत बसंल." आपल्याकडं ताटावर हात आडवा धरावा लागतो, तसंच.

पुढं लांब उजवीकडं आभाळात आगीच्या जिभा दिसत होत्या. गॅस जळत होता. भर दिवसा, कुणाच्या उपयोगाचा नसलेला जाळ.

गाडीत अब्बासभाईंनी खरी अडचण सांगितली. तो गिअरबॉक्स दोह्यात मिळत होता, एका बड्या दुकानात, फळीवर. पण घेताना लिहून द्यावं लागायचं की कुठल्या बोटीत बसणार, बोट कुठल्या देशाची. इराणचं नाव लिहिलं की माल मिळणार नाही. कुठल्या तरी इथल्या मच्छीमार बोटीचं नाव लिहिलं तर मिळेल.

"मग लिहा की," मी म्हटलं. धंदेवाल्या बाईच्या तोंडून पटकन निघून गेलं.

त्यांनी गाडीचा वेग कमी केला आणि म्हणाले, "माजा व्हिसा, माजं दुकान, सगळं कफीलच्या नावावर." कफील म्हणजे परदेशी माणसाची जबाबदारी घेणारा इथला मालक. "त्यानं सांगितलंय, अब्बास, माझं नाव कुठं अडकता कामा नये. उद्या पकडलं तर मी खलास, पोरांची शाळा खलास. आणि खोटं लिवायचं तर मला जमत नाय, ताई. पण तिकडं यूसुफचं आयुष्य बुडतंय. त्यानं मागितलं तर मी काय सांगू?"

अल रुवैस

बंदर म्हणजे एक लांब धक्का, मासळीचा वास, जाळी वाळत घातलेली. त्यात ती लाँच उभी. मी आधी फोटोतल्या बोटी बघितल्या होत्या, पण लाकडाचा एवढा मोठा देह जवळून कधी बघितला नव्हता. पोट फुगीर, नाक उंच, फळी न् फळी हातानं तासलेली. यूसुफच्या वडिलांनी ती बांधून घेतली होती. पुढच्या डोलकाठीला आता माल उचलायची कप्पी बांधलेली होती. मी खाली उभी राहून वर बघत होते आणि मान दुखेपर्यंत बघत राहिले.

यूसुफ सत्तरीकडं झुकलेला, काटक, डोळे सारखे बारीक केलेले. त्याला आमच्यासारखी हिंदी यायची. पोरवयात वडिलांबरोबर तो मुंबईला, रत्नागिरीला आलेला, खजूर उतरवायला आणि कौलं न्यायला. मी मिरजेची म्हटल्यावर त्यानं विचारलं, "समुंदर है वहाँ?" मी नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं बिचारी म्हणून बघितलं.

त्याच्या खलाशांनी चुलीवर चहा ठेवला होता, तव्यावर रोट्या. मला पेला पुढं केला तेव्हा अब्बासभाई म्हणाले, "इनका रोज़ा है आज. चाँद निकलने तक."

झालं. यूसुफनं एक शब्द टाकला आणि चूल विझली. चहा झाकला, रोट्या फडक्यात गेल्या. मला वाटलं त्यांचं खाणं आटोपलं असेल. आम्ही लाँच बघत फिरलो, इंजिन बघितलं, ते मोडलेलं दात पडलेलं चाक बघितलं. दुपार टळली. मला भूक लागली. मी सावलीत बसले आणि डबा उघडून खिचडी खायला लागले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक खलाशी खोकला. यूसुफनं अब्बासभाईंकडं बघितलं. तेव्हा कुठं मला कळलं की एका उपाशी बाईसमोर खायचं कसं म्हणून ही सगळी माणसं सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता थांबली होती. आणि ती उपाशी बाई खिचडीनंतर लाडू खात होती.

"ये कैसा रोज़ा है, बहन?" यूसुफनं विचारलं. रागानं नाही, खरंच समजून घ्यायला. मी काय सांगणार? आपल्यातच म्हणतात, एकादशी अन् दुप्पट खाशी. धान्य नाही, कंद चालतात, असं काहीतरी मी सांगायला लागले आणि मलाच हसू आलं. मग तो हसला, मग सगळे. चूल परत पेटली. राहिलेली खिचडी मी त्यांना वाटली आणि यूसुफनं दोन घास खाऊन निकाल दिला की असा उपास तो रोज करायला तयार आहे. पण मी मनातून वरमले होते. ज्यांची बोट मोडून पडली होती त्यांनी माझ्या उपासाचा मान ठेवला होता.

हसणं संपलं तेव्हा खरी गोष्ट निघाली. यूसुफला बंदरात थांबायची मुदत थोडीच उरली होती. ती संपली की लाँच इथंच विकून विमानानं घरी जायचं, दुसरा मार्ग नाही. आणि गिऱ्हाईकही तयार होतं. दोह्यातल्या एका नव्या हॉटेलला जुनी लाँच हवी होती, मधून कापून दिवाणखान्यात ठेवायला. त्यात जेवणाची मांडणी करणार. नाकाकडच्या बाजूला सॅलड, पोटात बिर्याणी.

माझी जात मंडपवाल्याची. खोटं का बोलू, ऐकताक्षणी मनात आलं, काय झकास दिसेल! मग मी यूसुफकडं बघितलं. तो आपल्या बापाच्या बोटीच्या कडेवरून हात फिरवत होता आणि आम्हा कुणाकडं बघत नव्हता. माझं मलाच वाईट वाटलं.

अब्बासभाई म्हणाले, "यूसुफ, गिअरबॉक्स..."

यूसुफनं हात वर करून त्यांना थांबवलं. "उसकी बात मत कर." आणि म्हणाला, "मेरे बाप के पास इंजन कहाँ था?"

आधी कुणाला समजलं नाही. मग तो डोलकाठीकडं बघत बोलायला लागला. या दिवसांत इकडं कौस नावाचा दक्षिणेकडचा वारा सुटतो, ओला, उबदार. तो उत्तरेला नेतो, म्हणजे थेट त्याच्या गावाकडं. पण कौस संपला की मागोमाग उत्तरेकडून शमाल येतो, आणि शमाल जुन्या बोटीला फाडून टाकतो. म्हणजे कौस सुटला की लगेच निघायचं आणि शमालच्या आधी पोचायचं. वारा टिकला तर एक दिवस, एक रात्र. त्याच्याबरोबरची पोरं इंजिनाच्या जमान्यातली, शीड त्यांनी म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. शीड पाहिलेला माणूस तो एकटा.

"कापड?" मी विचारलं. माझं लक्ष दुसरीकडं जाणारच नव्हतं.

कापड नव्हतं. पण मला सकाळचे तंबू आठवले.

मदिनत अश शमाल

रुवैसला लागूनच हे गाव आहे. एक मोठा रस्ता, नगरपालिका, किराणा, टायरवाले, आणि तंबू शिवणारा एक पठाण. खलाशांना बंदराच्या फाटकाबाहेर यायची परवानगी नव्हती, म्हणून मी आणि अब्बासभाईच गेलो. दुकानात जाड सुती कापडाचे तागे रचलेले. मी कापड दोन बोटांत चुरगाळलं, फुंकर मारून बघितली, नखानं वीण ओढून बघितली. पठाण बघतच राहिला. "आपा, आप खैमा सिलती हैं?" खैमा म्हणजे तंबू. मी म्हटलं, "जनम भर."

मालाला माल. यूसुफनं पाठवलेल्या पिस्त्यांच्या पोत्याच्या बदल्यात आम्ही तागे, मेण लावलेला दोरा आणि दाभणं घेतली. शीड कशासाठी, ते ऐकल्यावर पठाणानं तळहातावर बांधायचा चामड्याचा तुकडा आपल्या हातातला काढून मला दिला. जाड कापडातून दाभण रेटताना हात फाटतो, ते त्याला ठाऊक होतं.

धक्क्यावर

मृणाल संतापली. "आई, तू इथं फिरायला आलीयस की बोटी शिवायला?" मी म्हटलं, फिरतेच आहे की, रोज जाऊन-येऊन. त्यापुढं तिचं काही चाललं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तीच डबा भरून द्यायला लागली. मी रोज सकाळी अब्बासभाईंच्या गाडीतून रुवैसला जायचे.

यूसुफनं शीड कागदावर काढलं नाही. कोळसा घेऊन तो धक्क्याच्या काँक्रीटवर चालायला लागला. पावलं टाकत गेला, वळला, थांबला, डोळे मिटून काहीतरी आठवलं, परत चालला. मागं वळून बघितलं तर जमिनीवर एक अवाढव्य तिरपा आकार उमटलेला. पोरवयात बघितलेलं शीड त्यानं पायांनी परत आणलं होतं. माझ्या अंगावर काटा आला, हे सरळ सांगते.

मग शिवण. मी एका टोकाला, खलाशी ओळीनं पुढं. त्या पोरांना दाभण धरता येईना, मी हातावर टपल्या मारत शिकवलं. कडेला जाड दोर घालून दुमडायचं, दुहेरी टीप, कोपऱ्यात चामडं. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती, पण "यल्ला", म्हणजे चला, एवढं सगळ्यांना यायचं. मच्छी पकडणारे तामिळ लोक येऊन बसायचे आणि त्यांनी दोन लांब वासे बांधून शिडाचं आडवं लाकूड करून दिलं. किनाऱ्याच्या पहाऱ्यावरचा एक कतारी अधिकारी रोज येऊन डोळे मोठे करून जायचा. त्याचा पणजोबा मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्यांचा नाखुदा होता म्हणे. शिडाची बोट मात्र त्यानं फक्त म्युझियममध्ये पाहिली होती.

अब्बासभाई दोर आणायचे, जेवण आणायचे, पण यूसुफबरोबर जेवायला बसायचे नाहीत. काहीतरी काम काढून गाडीकडं जायचे. यूसुफही हाक मारायचा नाही. इतक्या वर्षांचे दोस्त, आणि दोघांच्या मधे तो न आणलेला गिअरबॉक्स बसलेला. मला ते बघवत नव्हतं.

शीड शिवून झालं आणि वर चढवलं. एवढं मोठं कापड आणि एक सुरकुती नाही. मिरजेतल्या कुठल्याही मंडपात असं ताठ छत लागलं नसेल. मी कमरेवर हात ठेवून कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

वारा आला आणि शीड फटफट वाजायला लागलं. दारावर थापा मारल्यासारखं. लाँच जागची हलेना, नुसती दोरांना हिसके देत राहिली. यूसुफनं शिडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"बहन, इसका पेट कहाँ है?"

मग त्यानं आपला सदरा दोन्ही हातांनी वाऱ्यात धरून दाखवला. शिडाला पोट हवं. वारा त्यात बसला पाहिजे. सपाट कापडावरून वारा घसरून जातो. मंडपवाल्याचा सगळा जन्म झोळ काढण्यात जातो, आणि हा माणूस मला सांगत होता, झोळ घाल. मी कोळशाच्या रेघेवर बरोब्बर शिवलं होतं, पण प्रत्येक पट्टी सवयीनं खेचून घेतली होती. चूक माझ्या हातांची. आणि मुदत संपत आली होती. हॉटेलचा माणूस येऊन लाँचची मापंसुद्धा घेऊन गेला होता.

मला रडायला आलं. तिथंच धक्क्यावर बसून थोडी रडले पण. यूसुफ शेजारी येऊन बसला. म्हणाला, वडिलांच्या पहिल्या शिडालाही पोट नव्हतं, तीन जणांनी शिव्या दिल्या होत्या. तुला अजून कुणी दिलेल्या नाहीत. मग त्यानं कात्री पुढं केली. मी डोळे पुसले आणि उसवायला घेतलं.

या वेळी यूसुफ माझ्या शेजारी बसला. "ढीला... और ढीला... बस." पट्टी सैल सोडायची आणि वरच्या दुसऱ्या पट्टीला हळूहळू जमवून घ्यायची, झबल्याला चुण्या घालतात तशी, पण चुणी दिसता कामा नये. माझे हात ऐकत नव्हते. दर थोड्या वेळानं ते आपोआप खेचायचे आणि यूसुफ माझं मनगट धरायचा. शिवण संपली तेव्हा कापड जमिनीवर गबाळं, सुरकुतलेलं पडलं होतं. मिरजेत असं काम कुणी आणून दिलं असतं तर मी फेकून मारलं असतं.

कौस

दुसऱ्या सकाळी हवा बदलली. ओठांवर मिठाची चव, अंगाला चिकटणारी ऊब. यूसुफनं तोंड उघडून वारा जिभेवर घेतला, खरंच जिभेवर, आणि मान हलवली. कौस सुटला होता.

सगळी गडबड उडाली. पाण्याची पिंपं, रोट्या, टायरांचा थोडा माल. कतारी अधिकाऱ्यानं कागद बघितले, सही केली, आणि पुढं बघितलं तर तो स्वतःच दोर धरून उभा होता.

अब्बासभाई गाडीपाशीच थांबले होते. यूसुफ लाँचवरून उतरला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. अब्बासभाईंची मान खाली. मी जवळच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मुझे माफ कर," अब्बासभाई म्हणाले. "एक दस्तख़त का काम था. मैंने नहीं किया."

"मुझे मालूम है," यूसुफ म्हणाला. "इसीलिए मैंने माँगा नहीं. माँगता तो तू कर देता."

अब्बासभाईंनी वर बघितलं.

"गिअरबॉक्स तो मिल जाता, अब्बास. फिर वो तुझे यहाँ से निकाल देते. अगली बार मैं इस किनारे पर किसके पास आता? बैंक बंद है, काग़ज़ बंद है. इधर मेरा एक आदमी है. वो भी दे दूँ?"

दोघं बराच वेळ एकमेकांना धरून उभे होते. खलाशी दुसरीकडं बघत दोरांच्या गाठी तपासत राहिले. मग यूसुफ माझ्याकडं वळला, छातीवर हात ठेवला आणि चढून गेला.

मच्छीमारांच्या बोटीनं लाँचला ओढत बंदराबाहेर नेलं आणि दोर सोडला. थोडा वेळ ती मोठी बोट नुसतीच डुलत राहिली. मग आडवं लाकूड हळूहळू वर चढलं. माझं ते गबाळं, सुरकुतलेलं कापड एकदा थरथरलं, दुसऱ्यांदा थरथरलं, आणि फुगलं. सगळ्या सुरकुत्या गेल्या. एवढं मोठं पोट धरून ते आभाळात उभं राहिलं आणि लाँच कसलाही आवाज न करता निघाली. इंजिन नाही, धूर नाही. धक्क्यावर तामिळ मच्छीमार उठून उभे राहिले होते. अधिकाऱ्याचे डोळे भरले होते आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

मी आयुष्यात शेकडो मंडप उभे राहताना बघितलेत. कापड चालायला लागलेलं मी एकदाच बघितलं.

परत दोह्यात

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शमाल आला. ओल्ड एअरपोर्टच्या गल्लीत धूळ, खिडक्या थडथडतायत, वाळत घातलेले कपडे उडून शेजाऱ्यांच्या गच्चीवर. यूसुफचा निरोप आला नव्हता. मी खिडकीशी उभी राहून एकेक शिवण मनात तपासत होते. दोर घातलेली कड बरोबर होती. कोपरे बरोबर होते. मधली चौथी पट्टी घाईत झाली होती, तिथली टीप दुहेरी घातली होती की एकेरी, काही केल्या आठवेना. मृणालनं जेवायला हाक मारली. मी खिडकी सोडली नाही.

त्यानंतरचा दिवसही तसाच गेला. अब्बासभाई दुकानात गेले नाहीत. त्यांची बायको वर येऊन माझ्याजवळ नुसती बसली आणि आम्ही दोघींनी लसूण सोलला.

पुढच्या सकाळी जिन्यात धावत येणारी पावलं वाजली. मी दार उघडलं तर अब्बासभाई, अनवाणी, हातात फोन, धापा टाकतायत.

"पोचला," ते म्हणाले आणि तिथंच पायरीवर बसले. मी पण बसले. आमच्या दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नातवंडं दप्तरं पाठीला लावून आमच्या मधून वाट काढत खाली गेली.

"शमालच्या थोडा आधी लागला किनाऱ्याला. शीड साबूत हाय बोलला. सगळ्यांना सलाम सांगितलाय." त्यांनी नाक पुसलं. "आणि विचारत व्हता, पुढच्या खेपेला काय आणू? पिस्ते आणू, मेंढ्या आणू, केशर आणू? काय हवंय ते सांग."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

अब्बासभाईंनी फोनकडं बघितलं. "मी बोललो, काय नको. तू ये."

इतकी वर्षं मी धंदा केला. माल मागवणारे नाना तऱ्हेचे लोक बघितले, पण असा माल मागवलेला मी कधी ऐकला नव्हता.